शेवटची लस कितव्या आठवड्यात टोचली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी ९ आठवड्यांचं लॅब्रडॉरचं पिल्लू आणलंय. ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी दिलेल्या कार्डावर दोन स्टिकर आहेत, एक पिल्लू ४ आठवड्यांचं असतानाचा आणि दुसरा ७ आठवड्यांचा. डॉक्टर आणखी तीन खेपा सांगताहेत. घरात ३ वर्षांची मांजरही आहे. ती कधी उंबऱ्याबाहेर गेलेली नाही आणि तिला आजवर एकही लस टोचलेली नाही. इतकी इंजेक्शनं खरंच लागतात, की हा दवाखान्याचा गल्ला भरायचा प्रकार आहे? दुष्परिणामांचं काय? मांजरीला टोचायची गरज आहे का? आणि तोवर पिल्लाला घरात कोंडून ठेवायचं का?

गल्ल्याचं स्पष्ट विचारलंत ते बरं झालं. बावीस वर्षं कुत्र्या-मांजरांना टोचतोय. हा संशय मला रोज समोरच्याच्या चेहऱ्यावर दिसतो, पण तोंडाने फार थोडे विचारतात. तर तुमच्या डॉक्टरांचं बरोबर आहे, आत्ता तीन खेपा लागतील. मात्र कार्डावरचे स्टिकर मोजायची सवय तेवढी सोडा. शेवटचा स्टिकर लागला तेव्हा पिल्लू किती आठवड्यांचं होतं, एवढंच बघा. १६ आठवडे पूर्ण नसतील, तर आधी दोन स्टिकर असोत की चार, त्या पिल्लाला संरक्षण आहे असं मी धरत नाही.

याचं कारण पिल्लाच्या आईत आहे. जन्मानंतर पहिल्या दिवसात पिल्लू जो चीक पितं, त्यातून आईची तयार प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या अँटीबॉडीज, त्याच्या रक्तात जातात. ही वाट साधारण एक दिवसच उघडी असते, मग आतडं ती आत घेत नाही. या उसन्या शिदोरीवर पिल्लू पहिले काही आठवडे काढतं. शिदोरी संपत जाते, आणि ती संपायचा वेग बऱ्यापैकी ठरलेला आहे: दर दहाएक दिवसांनी निम्मी. आता एकाच वेतातली दोन भावंडं घ्या. एक दांडगं, पहिल्या तासापासून आईला चिकटलेलं. दुसरं किडमिडीत, सगळ्यांच्या मागे राहिलेलं. दांडग्याच्या रक्तात चौपट प्रतिपिंडं असली, तर ती दुसऱ्याच्या पातळीला यायला दोनदा निम्मी व्हावी लागतात, म्हणजे वीस दिवस जादा. एकाच आईची, एकाच दिवशी जन्मलेली पिल्लं, आणि लस ‘लागण्याच्या’ दिवसात तीन आठवड्यांचा फरक!

लस लागणं आणि लस टोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो. पार्वो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या दोन जीवघेण्या रोगांच्या लशीत दुबळा केलेला पण जिवंत विषाणू असतो. तो पिल्लाच्या अंगात थोडा वाढला, तरच शरीर त्याच्याशी लढायला शिकतं. पण आईच्या प्रतिपिंडांना हा विषाणू बाटलीतून आलाय की रस्त्यावरून, हे कळत नाही. ती त्याला वाढण्याआधीच धरून गारद करतात. लस टोचली, स्टिकर लागला, पैसे दिले, आणि पिल्लाच्या अंगात काहीच घडलं नाही.

याहून वाईट भाग पुढे आहे. आईची प्रतिपिंडं उतरता उतरता एक अशी पातळी येते, की लशीतल्या दुबळ्या विषाणूला अडवायला ती पुरतात, पण रस्त्यावरच्या दांडग्या विषाणूला अडवायला कमी पडतात. या दोन-तीन आठवड्यांत पिल्लाला लस लागत नाही आणि रोग मात्र लागू शकतो. हे आठवडे कुठल्या पिल्लाला कधी येतील, हे नुसतं बघून कोणी सांगू शकत नाही. कुणाला सहाव्या आठवड्यात, बहुतेकांना आठ ते बाराच्या दरम्यान, काहींना सोळापर्यंत किंवा त्याच्याही पुढे.

म्हणून आपण दर तीन-चार आठवड्यांनी दार ठोठावत राहतो. दुसरा डोस पहिल्याला बळ देतो, तिसरा दुसऱ्याला, असा सार्वत्रिक समज आहे. पार्वो-डिस्टेंपरच्या बाबतीत तो चुकीचा आहे. दार उघडं असताना एक डोस पडला तरी पुष्कळ होतो. बाकीचे डोस हे ‘आता उघडलंय का’ बघण्यासाठी असतात. हे ऐकल्यावर एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, मग सरळ सोळाव्या आठवड्यातच एक का देत नाही? कारण किडमिडीत भावाची शिदोरी सातव्या आठवड्यातच संपलेली असते. तो तोवर थांबू शकत नाही.

सोळा आठवड्यांनंतरही थोड्या पिल्लांत आईची प्रतिपिंडं रेंगाळतात. पूर्वी त्यांच्यासाठी वर्षाने पुन्हा एक डोस द्यायची पद्धत होती. आता जागतिक पातळीवरचा सल्ला, म्हणजे वर्ल्ड स्मॉल अ‍ॅनिमल व्हेटरनरी असोसिएशनचा, तो डोस २६ आठवड्यांना किंवा लगेच नंतर द्या असा आहे. मला तो पटतो. ज्या पिल्लाला लस लागलीच नाही, त्याला उरलेले सहा महिने उघड्यावर का ठेवायचं?

एक स्वतःची चूकही सांगतो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत मी बारा आठवड्यांना तिसरा डोस देऊन कार्डावर ‘लसीकरण पूर्ण’ असं झोकात लिहायचो. लशीच्या माहितीपत्रकात तसं बसत होतं. असंच एक कार्ड घेतलेलं पिल्लू तीन आठवड्यांनी परत आलं. सकाळी खाल्लं नाही एवढीच तक्रार. दुपारी फेसाळ उलट्या, आणि संध्याकाळी टेबलावरच रक्ती हगवण सुटली. पार्वोच्या हगवणीला एक वास असतो, कुजक्या रक्ताचा. एकदा नाकात बसला की पुढे तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटायच्या आधी कळतं. पाच दिवस सलाइनवर काढून ते पिल्लू वाचलं. मालकांनी कार्ड पुढे केलं नाही की एक शब्द बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. तेव्हापासून ‘पूर्ण’ हा शब्द मी कार्डावर लिहीत नाही. तारखेशेजारी आठवडे लिहितो.

तुमच्या पिल्लाचे दोन स्टिकर वाया गेले का? कदाचित हो, कदाचित नाही. चौथ्या आठवड्याचा बहुधा गेलाच. पण पुढचा हिशोब दोन्ही धरून सारखाच येतो: १० आठवडे, १३ आठवडे, १६ किंवा १७ आठवडे, आणि मग २६.

आता या लशी कशापासून वाचवतात ते.

पार्वो हा नवा रोग आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. कुत्र्यांमध्ये तो १९७८ च्या सुमारास दिसला आणि एक-दोन वर्षांत जगभर पसरला. मांजरींच्या पॅनल्यूकोपेनिया या जुन्या रोगाच्या विषाणूचा तो जवळचा भाऊबंद. ही गोष्ट लक्षात ठेवा, तुमच्या मांजरीच्या वेळी लागणार आहे. हा विषाणू भलता चिवट आहे. जमिनीत, फटीत, गोणपाटात तो महिनोन्‌महिने टिकतो. स्पिरिटने, हाताला चोळायच्या सॅनिटायझरने, सुगंधी फरशी-क्लीनरने त्याचं काही बिघडत नाही. आधी घाण काढून, जागा धुऊन, मग एका भागाला तीस भाग पाणी या प्रमाणात घरगुती ब्लीच, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, तेव्हा मरतो. तो घरात यायला दुसरं कुत्रं यावं लागत नाही, तुमची चप्पल पुरते.

डिस्टेंपर उलट, बाहेर फार टिकत नाही, पण हवेतून आणि शिंकांतून झपाट्याने पसरतो. डोळ्यांना चिपडं, नाक गळतं, खोकला येतो, आणि मालकाला वाटतं सर्दी आहे. मग बरं वाटायला लागतं. आणि काही आठवड्यांनी एक पाय तालात उडायला लागतो, जबडा रिकामाच चावल्यासारखा हलतो, झटके येतात. पार्वोतून उठलेलं कुत्रं बहुधा पूर्ण बरं होतं. डिस्टेंपर मेंदूत गेला तर वाचलेल्या कुत्र्याचाही पाय आयुष्यभर उडत राहू शकतो. याच विषाणूने १९९४ साली सेरेंगेटीतले जवळपास एक तृतीयांश सिंह मारले होते.

तिसरा अ‍ॅडिनोव्हायरस, यकृताचा रोग करणारा. तो आता इतका कमी दिसतो की तरुण डॉक्टरांनी पाहिलेलाही नसतो. लशीच्या कार्डावर ‘टाइप २’ लिहिलेलं असतं आणि रोग टाइप १ चा, म्हणून कोणी गोंधळतं. टाइप १ च्या जुन्या लशीने काही कुत्र्यांच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा निळसर, धुरकट व्हायचा. टाइप २ ने ते टळतं आणि संरक्षण दोन्हींपासून मिळतं.

लेप्टोस्पायरोसिसची गोष्ट वेगळी. हा जिवाणू उंदीर-घुशींच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो, कुत्र्याचं यकृत आणि मूत्रपिंड खातो, आणि कुत्र्यापासून माणसालाही होतो. याच्या लशीत मेलेले जिवाणू असतात. ते अंगात वाढत नाहीत, त्यामुळे एका डोसाने शरीराला नुसती ओळख होते. दोन ते चार आठवड्यांनी दुसरा दिला तरच संरक्षण उभं राहतं. म्हणजे वर जे ‘दुसरा डोस पहिल्याला बळ देतो’ म्हटलं, ते इथे मात्र शंभर टक्के खरं आहे. ही लस दर वर्षी घ्यावी लागते, आणि मध्ये फार खंड पडला तर पुन्हा दोन डोसांपासून सुरुवात. तुमच्या पिल्लाला १३ आणि १६ आठवड्यांना बाकी लशीबरोबरच ती देता येईल. जादा खेप नाही.

रेबीज. जगात दर वर्षी अंदाजे ५९,००० माणसं याने मरतात, आणि माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी ९९ टक्के कुत्र्यांमुळे. लक्षणं दिसायला लागली की माणूस असो की कुत्रं, जवळजवळ कोणीच वाचत नाही. लस मात्र उत्तम आहे आणि तिच्यातला विषाणू मेलेला असतो, त्यामुळे लशीमुळे रेबीज होईल ही भीती काढून टाका. पहिला डोस १२ आठवड्यांनंतर, दुसरा वर्षाने, पुढे लशीच्या बाटलीवर आणि तुमच्या भागातल्या कायद्यात जे अंतर असेल त्याप्रमाणे, एक किंवा तीन वर्षांनी. इथे ‘अंगात अजून प्रतिपिंडं आहेत’ हा युक्तिवाद कायदा सहसा ऐकत नाही.

याबाबत दोन गोष्टी मी प्रत्येकाला सांगतो, ऐकून ऐकून कंटाळा आला तरी. लस घेतलेलं स्वतःचं कुत्रं चावलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि माणसांच्या डॉक्टरकडे जायचं. ‘आपल्याच टॉमीने चावलं’ हे जखमेला कळत नाही. कुत्र्याला दहा दिवस नजरेखाली ठेवायचं. आणि लस घेतलेल्या कुत्र्याला बाहेरचं संशयित जनावर चावलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच आणून एक डोस द्यायचा.

केनेल कफची, म्हणजे खोकल्याची लस, कुत्र्याला बोर्डिंगमध्ये ठेवणार असाल, ट्रेनिंगला किंवा ग्रूमिंगला नेणार असाल तर घ्या. नसाल तर राहू द्या. ती सहसा नाकात किंवा तोंडात घालायची असते आणि निदान तीन दिवस आधी द्यायची. नाकातली लस चुकून कातडीखाली टोचली तर गळू होतं, यकृतालाही इजा होऊ शकते. कुत्र्यांच्या करोनाची लस मला कधीच गरजेची वाटलेली नाही आणि मी ती देत नाही.

आता गल्ला. पिल्लूपणातल्या खेपांत कोणी तुम्हाला फसवत नाहीये. पण ‘दर वर्षी सगळं’ हे जे पुढे चालतं, त्याबद्दल प्रश्न जरूर विचारा. पार्वो, डिस्टेंपर आणि अ‍ॅडिनो यांच्या जिवंत लशी एकदा नीट लागल्या की संरक्षण कित्येक वर्षं टिकतं. २६ आठवड्यांच्या डोसानंतर त्या तीन वर्षांच्या आत पुन्हा देऊ नयेत, असा सल्ला आहे. लेप्टो दर वर्षी, खोकल्याची लस घेत असाल तर ती दर वर्षी, रेबीज कायद्याप्रमाणे. म्हणजे वर्षाची खेप चुकवायची नाही, पण दर खेपेला बाटली तीच असायची नाही. शंका असेल तर रक्तातली प्रतिपिंडं मोजणारी तपासणी करता येते. पार्वो-डिस्टेंपर-अ‍ॅडिनोसाठी ती विश्वासार्ह आहे. मी ती बहुधा म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी, किंवा आधी कधी लशीची रिअ‍ॅक्शन आलेल्यांसाठी करायला सांगतो. लेप्टोसाठी तिचा उपयोग नाही.

दवाखान्यात टोचताना काय बघायचं तेही सांगून ठेवतो, कारण लस वाया जायचं दुसरं मोठं कारण तिथे असतं. पार्वो-डिस्टेंपरच्या बाटलीत तळाला एक छोटी पांढरट वडी असते, सुकवलेल्या विषाणूची. दुसऱ्या बाटलीत पाणी किंवा लेप्टोची द्रव लस. डॉक्टर हे पाणी सुईने वडीवर सोडतात, बाटली हातात हळू फिरवतात, वडी क्षणात विरघळते, आणि ते लगेच टोचायचं असतं. सकाळी दहा बाटल्या कालवून संध्याकाळपर्यंत पुरवायच्या नसतात. लस फ्रिजमधून, २ ते ८ अंशांतून, तुमच्या समोर बाहेर यायला हवी. गोठलेली लसही वायाच, विशेषतः मेलेल्या जंतूंची. म्हणून फ्रिजच्या बर्फाच्या खणाला टेकलेली बाटली मी वापरत नाही. बाटलीवरचा सोलून निघणारा स्टिकर कार्डावर लागतो, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. नुसत्या हाताने लिहिलेल्या ‘लस दिली’ला मी फार किंमत देत नाही, आणि कोणी स्टिकर घरूनच चिकटवून आणले असतील तर ते बघताक्षणी ओळखू येतात: सगळे एकाच बॅचचे आणि शेजारच्या तारखा सगळ्या एकाच शाईत.

आणि अर्धा डोस मागू नका. ‘आमचं कुत्रं एवढंसं आहे, निम्मंच द्या’ ही विनंती आठवड्यातून एकदा तरी येते. तापाच्या गोळीचं गणित वजनावर चालतं, लशीचं चालत नाही. चिवावाला आणि ग्रेट डेनला बाटली एकच.

दुष्परिणामांबद्दल. टोचल्यावर दिवस-दोन दिवस सुस्ती, कणकण, जेवणाकडे पाठ, टोचलेल्या जागी दुखणं हे चालतं. कित्येक पिल्लांना तेही होत नाही. खरी काळजी पहिल्या काही तासांची असते: तोंड किंवा डोळ्यांभोवती सूज, अंगावर गांधी, परत परत उलट्या, धाप, हिरड्या पांढऱ्या पडणं, पिल्लू लुळं पडणं. हे क्वचित होतं, पण झालं तर मिनिटांचा हिशोब असतो. म्हणून टोचून झाल्यावर अर्धा तास दवाखान्याच्या बाकावर बसा. लहान चणीच्या जातींत, एकाच वेळी बऱ्याच लशी दिल्या की रिअ‍ॅक्शन जास्त दिसतात. तशा कुत्र्याला मी लशी दोन आठवड्यांच्या अंतराने वाटून देतो. लॅब्रडॉरला ती गरज सहसा पडत नाही. मात्र एकदा रिअ‍ॅक्शन आली असेल तर ते कार्डाच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून घ्या. डॉक्टर बदलतात, कार्ड राहतं.

ताप असेल, हगवण लागली असेल, तर त्या दिवशी टोचायचं नाही, आठवडाभर थांबायचं. साध्या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असला तरी लशीला अडचण नाही. जंताचं औषध वेळेवर द्या, पण ते राहिलं म्हणून लस पुढे ढकलू नका. लशीनंतर आंघोळ घातली तर लस धुऊन जाते का, असंही विचारतात. नाही जात. पिल्लू मलूल असताना भिजवू नये, इतकंच.

आता मांजर. ‘घराबाहेर जात नाही’ हे मी रोज ऐकतो, आणि ते बहुधा खरंही असतं. पण पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू बाहेरून आत येतो, आणि तो पार्वोइतकाच चिवट आहे. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. सुरुवातीचा १९७८ चा पार्वो मांजरींना होत नव्हता. आज जे प्रकार कुत्र्यांत फिरताहेत ते मांजरींनाही होऊ शकतात. तेव्हा रोज बाहेर हुंगून येणारं पिल्लू घरात आल्यावर ‘माझी मांजर बाहेर जात नाही’ याला फारसा अर्थ उरत नाही. बाहेरचं जगच तिच्याकडे चार पायांनी येणार आहे. मांजरींच्या पॅनल्यूकोपेनियाची लस या प्रकारांपासूनही चांगलं संरक्षण देते.

तिला तीन रोगांची एकत्र लस दोनदा, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, आणि रेबीज असलेल्या भागात राहत असाल तर रेबीजची एक. तिन्हींपैकी पॅनल्यूकोपेनियाचं संरक्षण पक्कं. हर्पीस आणि कॅलिसी, म्हणजे शिंका, डोळे गळणं, तोंडात फोड, यांचं संरक्षण अर्धवट. लस घेतलेल्या मांजरीलाही सर्दी होते, पण हलकी होते. हर्पीस एकदा अंगात शिरला की जन्मभर दबा धरून बसतो आणि नवं पिल्लू घरात आल्यासारख्या ताणाच्या दिवसांत डोकं वर काढतो. त्यामुळे लशीनंतर ती शिंकली तर लशीला दोष द्यायच्या आधी पिल्लाकडे बघा! मांजरींच्या ल्युकेमिया विषाणूची लस लहान मांजरींना आणि बाहेर फिरणाऱ्यांना लागते. तुमच्या एकट्या, घरच्या, तीन वर्षांच्या मांजरीला मी ती देणार नाही. एफआयपी या मांजरींच्या आणखी एका विषाणूजन्य रोगाची लस तर कुणालाच सुचवत नाही.

ती गाभण नाही ना, याची खात्री करा. नसबंदी झालेली असेल तर प्रश्नच नाही. गाभण भाटीला जिवंत पॅनल्यूकोपेनियाची लस दिली, तर पोटातल्या पिल्लांच्या लहान मेंदूची वाढ खुंटू शकते. अशी पिल्लं जन्मभर डुलत, पाय फाकवून चालतात. वाटीतलं दूध पिताना डोकं थरथरत चार वेळा नेम चुकतो. जगतात छान, पण हे टाळता येण्यासारखं असतं.

मांजरींच्या बाबतीत एक दुर्मीळ पण खरा धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. टोचलेल्या जागी महिन्यांनी किंवा वर्षांनी कर्करोगाची गाठ होऊ शकते. प्रमाण दहा हजारांत एखादी किंवा त्याहूनही कमी, पण गाठ आक्रमक असते. म्हणून मी मांजरीला मानगुटीत टोचत नाही. पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत टोचतो, आणि कुठली लस कुठे ते कार्डावर लिहितो. तिथे काही झालंच तर शस्त्रक्रिया करून जीव वाचवता येतो. दोन खांद्यांमध्ये ते फार अवघड. लशीनंतर वाटाण्याएवढी गाठ येऊन महिन्याभरात जिरणं नेहमीचं आहे. पण गाठ तीन महिन्यांनंतरही राहिली, किंवा दोन सेंटिमीटरहून मोठी झाली, किंवा टोचून एक महिना झाल्यावरही वाढत असेल, तर तीन, दोन, एक असं लक्षात ठेवा आणि तपासायला आणा. घरी दाबून, शेकून बघत बसू नका.

राहिला पिल्लाला कोंडायचा प्रश्न. इथे माझ्याच व्यवसायातल्या काहींशी माझं जमत नाही. ‘सगळ्या लशी होईपर्यंत दाराबाहेर पाऊल नको’ असं सांगणं सोपं आहे, पण पिल्लाचं जगाशी ओळख करून घ्यायचं वय तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यांच्या आसपासचं. तुमचं पिल्लू आत्ता त्याच्या मध्यात आहे. सतराव्या आठवड्यात दार उघडलंत, तर रिक्षाच्या हॉर्नला, छत्रीला, दाढीवाल्या माणसाला, दुसऱ्या कुत्र्याला घाबरणारं जनावर बाहेर पडेल, आणि घाबरलेलं मोठं लॅब्रडॉर सांभाळणं सोपं नसतं. पार्वोने जेवढी दगावतात त्याहून कमी पिल्लं भीतीपोटी चावून घर गमावत असतील, असं मला अजिबात वाटत नाही.

तेव्हा त्याला कडेवर घेऊन बाहेर न्या. रहदारीच्या कडेला दहा मिनिटं उभे राहा, बाजाराचा आवाज ऐकू द्या, गाडीतून फिरवा. ओळखीच्यांकडे लस घेतलेलं, निरोगी, शांत कुत्रं असेल तर त्यांच्या घरात जमिनीवर सोडून खेळू द्या. अनोळखी कुत्री जिथे हगतात-मुततात ती मैदानं, झाडांची आळी, साचलेलं पाणी आणि दवाखान्याची फरशी टाळा. दवाखान्याची फरशी सर्वांत आधी. आजारी पिल्लं तिथेच तर येतात. वाट बघताना त्याला मांडीवरच ठेवा, वजनकाट्यावर घरचं फडकं टाकून मगच ठेवा. १६-१७ आठवड्यांच्या डोसानंतर दहाएक दिवसांनी जमिनीवर चालवायला हरकत नाही.

मांजरीला पिल्लाबरोबर एकाच खेपेत नेऊ नका, दोघांचे हाल होतात आणि तुमचं लक्ष दोघांत वाटलं जातं. तिची पेटी आजच माळ्यावरून काढून बैठकीच्या कोपऱ्यात दार उघडं टाकून ठेवा, आत तिच्या अंगाचा वास असलेलं जुनं फडकं. चार-पाच दिवसांत ती आपणहून आत जाऊन झोपायला लागेल. त्यानंतर डॉक्टरांची वेळ घ्या, शक्यतो दवाखाना रिकामा असतो तेव्हाची, आणि पेटीवर एक चादर टाका.